मावशीला घेऊन कोइम्बतूरच्या ट्रॅकवर

माझं आयुष्य बदललं ते घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये. मृणालने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाली, "उलटा फिरवतोयस रे." इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडून आलेल्या माणसाला असं कुणी बोललं की तो भांडणारच. भांडलो. पण भांडताभांडता मधेच दिसलं की मुलगी बरोबर बोलतेय, तिच्या नाकाला ग्रीस लागलंय, आणि आपली वाट लागलीय.

मृणाल पार्ल्याची. अंधेरीच्या एका ऑफिसात गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करते. गाडी तिच्या कांदिवलीच्या मावशीची. वीसेक वर्षांपूर्वीची जपानी सेडान, चार दरवाजे, चेहरा एकदम सोज्वळ, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अंगात येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली कित्येक वर्षं झोपून होती. म्हणून गाडीचं नावही मावशीच. गॅरेज आमच्या बाब्याच्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचं. मी, मृणाल आणि बाब्या, झाली टीम.

कोइम्बतूरच्या बाहेर एक रेस ट्रॅक आहे. तिथे आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी शर्यत असते. एकमेकांना धडकायचं वगैरे नाही. ठरलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या, त्यातली प्रत्येक ड्रायव्हरची सगळ्यात वेगवान फेरी धरतात. एका गाडीवर दोन ड्रायव्हर चालतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. मृणाल म्हणाली, "जायचं." मी म्हणालो, "कधी?" विषय संपला.

मला घाई होती, त्याला कारण होतं. मृणालला होसूरला नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात ती जाणार होती, आणि त्याआधी मला तिला मनातलं सांगायचं होतं. मुलुंडच्या माझ्या घरापासून कोइम्बतूर दोन दिवसांचा रस्ता, गाडीत फक्त आम्ही दोघं. यापेक्षा झकास संधी कुठे मिळणार? मागची सीट काढून टाकायची आयडिया माझीच. वजन कमी होतं, आणि बाब्याही.

"म्हणजे मी ट्रेनने?" बाब्या म्हणाला.

"स्लीपरचं तिकीट मी काढतो."

"तू तर मला विमानानेपण पाठवशील रे. कळतंय सगळं."

सीटपाठोपाठ आम्ही एसी काढला, कार्पेट काढलं. मग मी आठवडाभर जमिनीला चिकटलेले आवाज अडवणारे जाड थर हेअर ड्रायरने गरम करून खरवडले. ट्रॅकवर प्रत्येक किलो मोजतात ना! निघायच्या पहाटे तात्यांनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही पोरां आज परमुलखात गाडी पळवूक चललीत. वाटेत काय आडवा इला तर बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं ओरडलो. मृणाल सगळ्यात मोठ्याने.

माझी चूक मला ऐरोलीचा पूल उतरताना कळली. आत काहीच ऐकू येत नव्हतं! टायर, रस्ता, गिअरबॉक्स, मागे रचलेली रेसची चाकं, सगळा पत्रा एका सुरात कोकलत होता. खंडाळ्यात मी धीर करून म्हणालो, "मृणाल, मला काहीतरी बोलायचंय."

"काय?"

"बोलायचंय!"

"टोल? फास्टॅगमध्ये आहेत पैसे!"

तर वाचकहो, सल्ला पहिला: गाडी हलकी करायची तर ट्रॅकवर पोचून करा. सल्ला दुसरा: कोणावर प्रेम असेल तर करूच नका. हलकी, म्हणजे.

रस्ता मात्र राजासारखा. साताऱ्यापुढे थोडी कामं आणि वळसे आहेत, तेवढं सोडलं तर मावशी लोण्यासारखी पळते. कोल्हापूरला हायवेलगत मिसळ खाल्ली. एसी नसलेल्या गाडीत जायचं असेल तर तिखट सांगू नका, मी सांगितली आणि बेळगावपर्यंत घाम पुसत होतो. मुक्काम दावणगिरीला. तिथे लॉज स्वस्त आणि स्वच्छ मिळतात, पार्किंग आहे का ते आधी फोन करून विचारा. दुसऱ्या दिवशी बंगळुरूला बाहेरून वळसा घाला, शहरात शिरलात तर तिथेच राहायला लागेल. मग होसूर आलं. मृणालने हात करून कुठलातरी कारखाना दाखवला आणि हसली. मी दुसऱ्या बाजूला पाहिलं. सेलमनंतर नारळाची झाडं सुरू होतात आणि फिल्टर कॉफी इतकी भारी की दोन टपऱ्यांवर थांबलो.

ट्रॅकवर सकाळी गाडीची तपासणी होते. हेल्मेट, बूट, अंगभर सुती कपडे, लायसन्स एवढं घेऊन जा. बाब्या आमच्याआधी पोचून, ट्रेनमधल्या चार लोकांशी मैत्री करून, त्यांच्याकडची इडली खाऊन बसला होता. आम्ही रेसची चाकं चढवली. ती सेकंड-हँड होती आणि त्यांची एक खोड: पहिल्या चार-पाच फेऱ्या गोचिडीसारखी रस्त्याला चिकटतात, मग घसरायला लागतात. म्हणजे जो आधी जाईल त्याला पकड, नंतरच्याला उरलंसुरलं. म्हणून आमचा नियम, टॉस.

टॉस मी जिंकलो.

"तू जा आधी," मी म्हणालो.

"टॉस टॉस असतो. बस गाडीत," मृणाल म्हणाली.

बसलो. पहिल्याच सरळ पट्ट्यावर मावशी अशी सुटली की मी हेल्मेटमध्ये एकटाच खिदळत होतो. आयला, काय सांगू! आणि पहिल्या वळणाआधी ठरवलं, टायर तिच्यासाठी वाचवायचे. लवकर ब्रेक मारला, अलगद वळवली. सगळ्या फेऱ्या तशाच. परत आलो तर बाब्या स्टॉपवॉच नाचवत उभा.

"शेअर रिक्षा चालवत होतास काय रे? सीट भरायला थांबत होतास प्रत्येक कोपऱ्यावर?"

मृणाल हसली नाही. टायरवरून हात फिरवला. "हे अजून घासलेलेच नाहीत. मुद्दाम हळू गेलास."

"तुला बरा टाइम लागावा म्हणून..."

"मी मागितला होता? माझ्याशी न बोलता माझ्यासाठी हरणारा तू कोण? दान करतोस मला?"

माझं डोकं सटकलं. "दान कसलं, डोंबलाचं! प्रेम करतो म्हणून केलं!"

एवढा वेळ जे कुणाला ऐकू जात नव्हतं ते आता शेजारच्या तीन टीमना गेलं. तमिळ मेकॅनिकांना मराठी येत नसावं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाब्या स्टॉपवॉचकडे बघत राहिला. मृणालने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, आणि गेली.

ती कशी चालवत होती ते लिहिता येणार नाही. मी लवकर ब्रेक मारलेल्या कोपऱ्यात मावशी तिरकी होत होती, सरळ होत होती, पुन्हा पळत होती. आमच्या गटात ती तिसरी आली. छोटासा कप मिळाला. फोटोत मी आणि बाब्या वेड्यासारखे ओरडतोय, आणि ती कपाकडे बघतेय. माझ्याकडे नाही.

परतीच्या वाटेवर ती कप मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. बोलली असती तरी ऐकू आलं नसतं म्हणा. दावणगिरीला बेन्ने डोसा खायला थांबलो (लोण्यात बुडवलेला असतो, एकावर थांबू नका). इंजिन बंद केलं. ती म्हणाली,

"हळू गेलास ते मला अजिबात आवडलं नाही. मला कमी समजलास तू."

"सॉरी."

"आणि बाकीचं जे ओरडलास ना..."

मी हातातला डोसा खाली ठेवला.

"ते पुन्हा ओरड. पण आधी मला खरंच हरवून दाखव. मावशी तुझ्याकडे ठेवून जाते. पुढच्या वेळी मी होसूरहून येईन, तू मुलुंडहून ये."

"आणि नाही हरवता आलं तर?"

"मग दर वेळी यावं लागेल तुला. बिचारा." आणि तिने माझ्या ताटातलं लोणी उचललं.

ती होसूरला गेली त्याला आता काही दिवस झाले. प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर कानातली घरघर, हाताचा अजून न गेलेला ग्रीसचा वास, आणि माझा टाइम. तो आमच्या गटातला शेवटून दुसरा आहे. मृणालच्या टाइमपासून इतका लांब, की बघून हसू येतं. झोप मात्र उडते.

आज सकाळी बाबा ट्रॉम्बेला कामावर निघताना म्हणाले, "कॉलेजचं काय ठरवलंस?" मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, "बघतो म्हणजे नाही." खरंय ते. मी वाद घातला नाही, त्यामुळे ते जास्तच काळजीत पडले.

मग आई म्हणाली, "आता कुठे निघालास? ती मुलगी गेली ना? मग त्या गॅरेजमध्ये काय आहे?"

"प्रॅक्टिस आहे गं."

"कसली?"

"उशिरा ब्रेक मारायची."

आई अजून काहीतरी म्हणत होती. मी चपला सरकवल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.