घरात गोळी म्हणायचं नाही

मला बंदुकीची भीती वाटते, आधीच सांगते. फटाक्यांची माळ लागली तरी मी कानावर हात ठेवून आत पळायची, आणि ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आल्यावर हे म्हणायला लागले बंदूक घ्यायची. कामावरच्या त्यांच्या मित्राचं शेत आहे, तिथे रेड डिअर, म्हणजे आपल्या सांबरासारखी दांडगी हरणं, पीक खातात. तो म्हणाला लायसन काढ, ये, अर्धं मटण तुझं. ह्यांनी काढलं लायसन. मग रोज जेवताना तेच, थ्री-ओ-एट बंदूक घेऊ का तिच्याहून दणक्याची थ्री हंड्रेड मॅग्नम. मोठ्या जनावराला मोठी गोळी हवी, हे म्हणायचे, नाहीतर बिचारं जखमी होऊन पळणार.

एकदा आमची तीन वर्षांची पोर ताटावरून उठली नि म्हणाली, "आई, आय वॉन्ट मोठी गोळी."

माझा घास हातातच राहिला. तिला गोळी म्हणजे लिमलेटची, नाहीतर तापाची. उद्या ते पितळी चकचकीत हाताला लागलं तर तोंडातच टाकणार ना ती? मी म्हटलं, बंदूक घरात येणार नाही. हे म्हणाले, अगं कायद्यानेच कुलपात असते, बंदूक वेगळी, गोळ्या वेगळ्या. म्हटलं बघा, परत गोळ्या.

मग शनिवारी पोरीला शेजारी ठेवून मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. मित्राच्या दोन्ही बंदुका चालवून बघायच्या होत्या. मी लांब मागे, कानावर ते जाड हेडफोनसारखं. समोर बघायची हिंमतच नव्हती म्हणून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मॅग्नम वाजायच्या आधीच ह्यांचे डोळे मिटायचे, दरवेळी, आणि नंतर निशाण्याचा कागद आणला तर भोकं कुठल्या कुठे. थ्री-ओ-एटला डोळे उघडे. भोकं सगळी जवळजवळ.

गाडीत बसल्यावर म्हटलं, "तुम्ही त्या मोठीला घाबरता."

"मी?"

"डोळे मिटता. मला कळतं हो, मी पण मिटते. तिनेच हरीण जखमी होणार."

सिग्नल सुटला, ह्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाले, बरं, थ्री-ओ-एट. मी म्हटलं कुलूप मी रोज ओढून बघणार, आणि घरात गोळी म्हणायचं नाही. हे म्हणाले, मग काय, बुलेट? म्हटलं ती तुमच्या भावाची मोटारसायकल. शाळा माझी नववीतच सुटली, पण इतिहासाच्या पुस्तकातला एक शब्द कसा कोण जाणे राहिला होता.

"काडतूस म्हणा."

हे एवढे हसले की गाडी बाजूला घेतली.

आता गॅरेजमध्ये लोखंडी कपाट आहे, आणि काडतुसांची वेगळी पेटी. मी रोज कुलूप ओढून बघते. परवा शेजारची मुलगी खेळायला आली, तिने पेटीवर थाप मारली तर आमची मध्ये जाऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"नो टचिंग. इट्स काटूस. नॉट फॉर ईटिंग."

मग दोघी माझ्याकडे आल्या, लिमलेट मागायला.