बरोबर उत्तराला थोबाडीत

ज्यांच्या शेतात माझी आय भात लावायची, त्यांच्या पोरीनं माझ्या थोबाडीत मारली. गुरुजी म्हणाले, “जोरात दे गो. ह्यांना लागत नाय.” तिनं परत मारली. ह्या वेळी जोरात.

शहापूर तालुक्यातलं गाव, खर्डी स्टेशनापासून दीड तासाची पायवाट. मी तिसरीत. पाड्यावरच्या आमी चार पोरी, बाकीच्यांच्या चपला जिथं काढलेल्या असायच्या तिथं बसायचो. आमच्या पायात चपला नव्हत्या, तरी जागा तीच. गुरुजींचा नियम होता, ज्याला पाढा येत नाय त्याला, ज्याला येतो त्यानं मारायचं. म्हणजे रोज गावानं मारायचं नि पाड्यानं खायचं.

त्या दिवशी गुरुजींनी मला विचारलं, “सात अठ्ठे?”

मी हात पाठीमागं नेले. मनात पळसाची पानं मांडली. आय नि मी रानातून पानं आणायचो, पत्रावळीसाठी. एका चवडीत वीस पानं. आमच्या पाड्यावर सगळीच मोजणी अशी, विसावर. हातापायाची बोटं संपली की एक वीस झाली, परत पहिल्यापासून. मी आठ-आठ पानांचे सात ढीग केले, त्यांच्या चवडी लावल्या. उत्तर आलं. काय आनंद झाला! ताठ उभी राहून सांगितलं, “दोन विसा नि सोळा.”

वर्ग फुटला हसून. गुरुजी तर डोळे पुसत हसले. “अगं ए, पानं विकायला बाजारात आलीस का?” मग त्यांनी त्या पोरीला उठवलं. ती म्हणाली, “छप्पन्न.” तिला शाब्बास. मला थोबाडीत.

घरी येऊन आयला सांगितलं. ती चूल फुंकत होती. म्हणाली, “तुझाच कायतरी चुकला असल गो. गुरुजी उगाच कशाला मारल?” गुरुजींपेक्षा मला आयचा राग आला. पण खरं सांगते, माझा तरी माझ्यावर कुठं विश्वास होता? मलाही वाटलं, आपल्या डोक्यात मातीच भरलीय.

पुढं मुरबाडकडच्या आश्रमशाळेत गेले. पाचवीत असताना एकदा जेवणाची ताटं मांडायची पाळी माझ्यावर आली. एका ओळीत आठ, अशा सात ओळी. स्वयंपाकाच्या मावशी आतून ओरडल्या, “छप्पन्न झाली का गो?” पाढा तोवर मला पाठ झाला होता, पण छप्पन्न म्हणजे नुसता तोंडातला आवाज. मी माझ्या पद्धतीनं बोटांवर मोजली. दोन विसा नि सोळा. परत मोजली. एक कमी नाय, एक जास्त नाय.

छप्पन्न नि दोन विसा सोळा एकच! म्हणजे मी बरोबर होते! मार एक वेळ विसरले असते. पण दोन वर्षं मी स्वतःला ढ समजत होते. वर्गात हात वर केला नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाय, नुसता संताप.

दहावी झाले. दोन हजार सालानंतर आमच्या पाड्यावर वस्तीशाळा निघाली, शिकवायला मला घेतलं. नेमणूक एकेका वर्षाची. पोरांना पाढे मी पानांवरच शिकवायचे. ढीग करायचे, चवड लावायची, आधी विसात सांगायचं, मग पुस्तकातला आकडा. पोरं भराभर शिकली.

मग तालुक्याहून निरोप आला, उद्या साहेब तपासणीला येणार. आणि मी घाबरले. हो, मीच घाबरले! पानं उचलून कोपऱ्यात टाकली. पोरांना दरडावलं, “विसा बंद. फक्त पुस्तकातलं बोलायचं.” बुधी नावाची आठ वर्षांची पोर, वर्गात सगळ्यात हुशार. तिला विचारलं, “नऊ साते?”

“तीन विसा तीन,” सवयीनं तिच्या तोंडातून गेलं.

मी तिच्या थोबाडीत मारली.

बुधी रडली नाय. खाली राहिलेलं एक पान उचलून तिनं कोपऱ्यात टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी माफी मागितली नाय. मास्तरनं माफी मागायची नसते, हेही मी त्याच शाळेत शिकले होते ना!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बुधीला म्हणाले, “नवाचा पाढा म्हण.” ती “नऊ सख चोपन्न”पर्यंत घडाघडा बोलली. सातावर थांबली. माझ्याकडं बघायला लागली.

साहेब हसले. “बघा, सहाच्या पुढं ह्यांचं डोकं चालत नाही.” पोरांच्या प्रगतीच्या तक्त्यावर तिच्या नावापुढं त्यांनी ‘अप्रगत’ लिहिलं आणि सहीसाठी तक्ता माझ्यापुढं सरकवला.

तिला उत्तर येत होतं. माझ्याच हातानं ते तिच्या घशात कोंबलं होतं.

मी म्हणाले, “बुधे, काल तुझं बरोबर होतं. मी उगाच मारली तुला, माझं चुकलं. आता मोठ्यानं सांग.”

“तीन विसा तीन.”

“ही कसली भाषा हो बाई?” साहेब म्हणाले.

कोपऱ्यातली पानं आणून मी त्यांच्यापुढं टाकली. “नवाचे सात ढीग करा, साहेब. त्रेसष्टाच्या वर-खाली एक पान भरलं तर लिहा अप्रगत.”

“मला एवढा टाइम नाही.”

“मंग मलाबी सहीला टाइम नाय.”

“तुमची नेमणूक वर्षाची आहे, विसरू नका.”

“नाय विसरले. आदी तिच्या नावापुढचं खोडा.”

त्यांनी खोडलं नाय. मी सही केली नाय. जूनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई आली. पगार गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता शाळा सुटली की पोरं माझ्या ओट्यावर बसतात. बुधीही येते. ह्या पोरांवर मी परत हात उचललेला नाय, कुणाला उचलू देणार नाय. पाढे ती दोन्ही तऱ्हेनं म्हणतील. आणि ज्याला एकच तऱ्हा येते असा कुणी माझ्या पोरांना ढ म्हणाला, तर त्याला तिथंच उभा करून दुसरी तऱ्हा विचारीन. सगळ्यांदेखत विचारीन.