शिंपिणीचे ठोके

रंगाऱ्याच्या घरी जागच्या जागी फिरणारी सायकल आली, तेव्हा जिन्यात चांगलीच खसखस पिकली. "आयुष्यभर शिडीवर चढला, आता म्हातारपणी सीटवर!" पण हौस त्याची नव्हती. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, म्हणून दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या लेकीने ती धाडली होती. एक सेन्सर छातीच्या पट्ट्यात, दुसरा पेडलला. ठोके आणि फेऱ्या वायरीवाचून मोबाइलच्या ॲपमध्ये जायच्या, तिथून थेट लेकीच्या फोनवर. बाप कसा आहे, ते तिला तिकडे बसल्याजागी दिसायचं.

पहिला आठवडा बरा गेला. मग रंगाऱ्याला दोन फेऱ्यांतच धाप लागू लागली.

"पोरीला कळवू नकोस गं. नवी नोकरी आहे, टाकून धावत येईल."

त्याची बायको शिंपीण. पायमशीन चालवून चालवून पोटऱ्या दगड झालेल्या. तिने पट्टा आपल्या मापाला आत घेतला, चार टाके घातले आणि स्वतःच सायकलवर चढली.

"लबाडीसुद्धा कशी टापटिपीची!" तो खोकत हसला.

"गप पडा. तुमचं काळीज चालवतेय मी."

शेजारणींना मात्र भलताच वास लागला. म्हातारीला या वयात कंबर बारीक करायचे डोहाळे लागलेत म्हणे! शिंपिणीने तेही हसून घालवलं.

लेकीचा फोन आला. "आई, बाबा कसले भारी चालवतात! आता मला काळजी नाही. सुट्टी लागली की येते निवांत."

इकडे रंगाऱ्याला आडवं होणंही जमेना. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. शेवटी नुसताच शिंपिणीच्या खांद्यावर हात ठेवून गेले. आणि पोरीला कळवू नकोस म्हणणारा तो, उशांना टेकून सारखा एकच विचारायला लागला, "येतेय का गं ती?"

शिंपिणीने फोन लावला. "बाळा, आजच नीघ."

"का गं? सकाळचे ठोके तर मस्त आहेत."

"ते माझे आहेत."

लेकीने हळूच विचारलं, "सगळे?"

"पहिला आठवडा तेवढा त्यांचा."

लेक मिळेल त्या गाडीने आली. बापाचा श्वास चालू होता, पण हाकेला ओ नव्हती. तिने बॅग तशीच खाली टाकली आणि त्याच्या छातीला कान लावला. शिंपीण दारातच थांबली. आत यावं की नाही, हे तिला कुणीच सांगितलं नाही.