विलासचं जांभूळ आणि हुमणी

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चिखलोलीच्या टेकडीवर सात माजी सैनिकांच्या तुकडीने सपाटून मार खाल्ला आहे. शत्रूचं नाव हुमणी. रानातल्या एका तपकिरी भुंगेऱ्याची पांढरी, झाडांची मुळं खाणारी अळी. लांबी करंगळीएवढी, शस्त्र फक्त तोंड.

टेकडीवर आम्ही गेलेल्या साथीदारांच्या नावाने एकेक झाड लावलंय. परेडसारखी रांग. टोकाला नाईक विलासचं जांभूळ. विलास माझ्या सेक्शनचा. पेट्रोलिंगला गेला, तिरंग्यात परत आला. दरवर्षी त्या दिवशी त्याची आई बेलवलीहून येते आणि झाडाला स्वतःच्या हाताने पाणी घालते.

तिला माहीत नव्हतं की पहिलं जांभूळ हुमणीने खाल्लं, दुसरंही खाल्लं. आम्ही गुपचूप नवीन लावायचो.

"बुटकंच राहिलं हो," ती म्हणायची.

"जातच बुटकी आहे, आई," मी ठोकून द्यायचो.

लढाईत कसूर केली नाही. संध्याकाळी बाभळी हलवून भुंगेरे पाडले, रॉकेलच्या पाण्यात बुडवले. निंबोळी पेंड घातली. आणि आमच्या हवालदार कदमने उल्हासनगरच्या तबेल्यातून टेम्पोभर ताजं शेण आणून प्रत्येक खड्ड्यात घातलं. "राशन ताजंच पाहिजे, साहेब." कच्च्या शेणात हुमणी पोसते, हे आम्हाला नंतर कळलं. शत्रूला रसद आम्हीच पुरवत होतो.

यंदा त्या दिवशी सकाळी रेकीला गेलो. जांभळाची पानं मलूल. खोडाला हात लावला तर झाड काठीसारखं वर आलं. मुळं साफ. खड्ड्यात पाच हुमण्या वेटोळं करून निवांत पडलेल्या. मी त्यांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

फोन वाजला. खाली रस्त्यावर उभा कदम.

"साहेब, आई रिक्षातून उतरल्या. ओव्हर."

"थांबव त्यांना."

"निगेटिव्ह. चढायला लागल्यासुद्धा."

नवीन रोप नाही, वेळ नाही. झाड परत खड्ड्यात खोचलं, माती बुटाने दाबली. बाकीचे धापा टाकत पोचले, कदमही आडवाटेने आईंच्या आधी. आम्ही सातजण रांगेत उभे राहिलो.

आई आली. पदर खोचला, कळशी वाकवली. माती भिजली. जांभूळ जरा डावीकडे झुकलं, मग आणखी झुकलं, आणि अगदी सावकाश तिच्या पायाशी आडवं झालं. उघडं बूड सगळ्यांना दिसलं.

कुणी हललं नाही. कदमने नजर समोर ठेवली.

आईने झाडाकडे पाहिलं, आमच्या रांगेकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "विल्या, साहेब समोर उभे आहेत ना. सरळ उभा राहा की जरा."