गोणी हिराबाईची होती

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, लिहायला आज बसलोय. माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये गेली. बरण्यांतले साप, बेडूक, हाडं पुसण्यात. मेलेलं ते मेलेलंच, हे रोज हाताळून पक्कं झालेलं. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे तुम्हीही मध्येच उठलात तर माझी हरकत नाही...

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कोपरखैरण्याला बैठ्या घरात मी आणि बायको सुनंदा राहायचो. मी एका कॉलेजात टेंपररी लॅब असिस्टंट. एका सकाळी बेलापूरच्या पुढे, खाडीच्या चिखलात देवमासा लागल्याची बातमी आली. आमच्या विभागाच्या सरांनी मला पुढे पाठवलं. जाताना म्हणाले, सांगाडा म्युझियमला मिळाला तर तुझं परमनंटचं मी बघतो.

पिल्लू होतं. टेंपोएवढं. ओहोटीने उघड्यावर पडलेलं, पण जिवंत. कोळीवाड्यातल्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि भिजवलेल्या गोण्या टाकून त्या हंड्यांनी पाणी ओतत होत्या. बरोबरच करत होत्या – चरबीच्या थरामुळे देवमासा पाण्याबाहेर आतल्या आत तापतो. भरतीपर्यंत तग धरला असता तर कदाचित तरंगलाही असता.

त्यांच्यात हिराबाई होती. आमच्या सेक्टरमध्ये मासळी विकायला यायची, म्हणून ओळखीची. तिची गोणी घसरून पिल्लाच्या डोक्यावरच्या भोकावर आली. देवमाशाला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात. ते भोक म्हणजे त्याचं नाक. मला हे पाठ होतं.

"मास्तर, ती गोनी सारू का?" तिने विचारलं. "यो तितूनच दम घेतंय."

"राहू दे मावशी. थंडावा मिळतोय त्याला."

एवढंच बोललो मी. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून तिने हात मागे घेतला. भरतीला अजून तासभर होता. पाणी पोचायच्या आधीच पिल्लू गेलं.

सांगाडा शेवटी मिळालाच नाही. कागद फिरत राहिले, वास सुटला, सरकारी माणसांनी ते तिथेच पुरलं. मधल्या दिवसांत कुजलेल्या डोक्यातून कानाचं हाड गळून पडलं होतं, ते मी उचललं. मुठीएवढं, शिंपल्यासारखं वळलेलं, दगडासारखं जड. घरी शोकेसमध्ये ठेवलं. तरी पुढच्या वर्षी परमनंट झालो. त्याच वर्षी आमची मुलगी मनू झाली.

मनू दीड वर्षाची असताना तिचा श्वास अडकायला लागला. रडून नव्हे. शांत खेळत असायची आणि अचानक थांबायची. ओठ निळे. मग आपोआप सुरू. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना होतं असं, वेळा लिहून ठेवा. सुनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. श्वास अडकायच्या जरा आधी मनू ते हाड मागायची आणि हनुवटीखाली, जबड्याला टेकवून बसायची. कानाला कधीच नाही. देवमाशाला बाहेरून कान नसतो, आवाज जबड्याच्या हाडातून आत जातो, असं आमचे सर शिकवायचे. दीड वर्षाच्या पोरीला कुणी शिकवलं होतं?

मग एका दुपारी हिराबाई दारात बोंबील साफ करत बसली होती. सुनंदाने काळजीने तिला कॅलेंडर वाचून दाखवलं. पंचमीला पावणेचार. सप्तमीला सव्वापाच. रोज पाऊण तास पुढे सरकतंय, म्हणजे आज अष्टमीला सहाला होईल बहुतेक.

हिराबाईचा कोयता थांबला. "वैनी, तिथीची पाऊनपट करा. आमी तशीच भरती काढतो. ह्ये तं भरतीचे टाइम हायत."

मी आत पेपर धरून बसलो होतो. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. आठ गुणिले पाऊण, सहा. चुकत नव्हतं.

"घरात दर्याचं काय ठेवलंय का, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. सुनंदाने शोकेसकडे पाहिलं.

सहा वाजता मनू थांबली. आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ. पौर्णिमा आठवड्यावर होती, म्हणजे उधाणाची मोठी भरती. रोज थोडं थोडं वाढत गेलं. चतुर्दशीला डॉक्टरांनी तिला उलटं धरून थोपटलं, तेव्हा ती परत आली.

पौर्णिमेची भरती सव्वाअकराची. सकाळीच मी हाड रुमालात गुंडाळून खाडीवर गेलो, धक्क्याच्या टोकाला. पाणी काठोकाठ आलं. आवाज असा काहीच नव्हता, पण छातीच्या फासळ्या थरथरत होत्या, ट्रक जवळून गेला की खिडकीच्या काचा थरथरतात तशा. दूर, खाडीच्या तोंडाशी, पाण्यावर काहीतरी काळं होतं. होडी असेल. मी हाड सोडलं. थरथर थांबली.

घरी आलो तर सुनंदा मनूला घट्ट धरून बसलेली. "अहो, सव्वाअकराला ही थांबली," ती म्हणाली. "मग एकदम डोकं वर करून श्वास सोडला. एवढा मोठा... माणसाच्या पोराचा वाटेना."

त्यानंतर मनूला कधीच त्रास झाला नाही. आज तिला स्वतःची दोन मुलं आहेत. डॉक्टर म्हणाले, वयानुसार गेलं. जातही असेल. तिथीचं गणित मात्र त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले.

पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. नंतर सुनंदाकडून कळलं की हिराबाई नारळी पौर्णिमेला दोन नारळ वाहायची. एक दर्याला, एक त्या पिल्लाला. म्हणायची, माज्या गोनीनं गेला तो. ती आमच्या दारात अजून दहा वर्षं येत होती. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी मी बोंबील कसे दिले एवढंच विचारलं. आता ती नाही.

तिच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर... तो दुसरा नारळ यापुढे वाहू नका. तो मी वाहीन. तिने गोणी काढायला हात पुढे केला होता. मी थांबवला.