किल्ली हातात, इंजिन चालूच

मंडळी, आज दुपारी थोडक्यात वाचलो, म्हणून आपल्या या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहितोय.

माझ्या जुन्या डिझेल जीपला काल मोठा इंटरकूलर बसवला. टर्बोची गरम हवा गार करणारी ही जाळी एका ट्रकची, भंगार बाजारातून आणलेली. आज इंदिरानगरहून पेठच्या घाटात ट्रायल घ्यायला निघालो. शेजारी दिंडोरीचा मावसभाऊ, आमचा दादा.

चढावर गाडी मस्त ओढत होती. गिअर बदलायला क्लच दाबला, तर इंजिनचा आवाज उतरायच्या ऐवजी वाढतच गेला. मागे निळा धूर. गाडी कडेला घेऊन ब्रेक दाबला, किल्ली फिरवून बाहेर काढली. तरी इंजिन बंद होईना.

"लय धूर हाय, बंद कर ना," दादा ओरडला.

"केलंय. ही बघ किल्ली."

एका बाजूला दरी, आणि इंजिन कधी फुटेल सांगता येत नव्हतं. तेवढ्यात या ग्रुपवरचीच कुणाची तरी जुनी पोस्ट आठवली. टॉप गिअर टाकला, ब्रेकवर सगळा जोर दिला आणि क्लच सोडला. जीपने आचका दिला आणि इंजिन मेलं.

दादाने उतरून चाकामागे दगड लावला. इंटरकूलरचा पाइप काढला तर आतून काळं ऑइल ओघळलं. त्या ट्रकचं जुनं ऑइल. इंजिन डिझेलऐवजी तेच पीत होतं, म्हणून किल्ली काढूनही चालूच.

"काल नारळ फोडला होता ना याच्यापुढं?" दादा म्हणाला.

फोडला होता. जाळी बाहेरून घासूनपुसून हळदकुंकूही वाहिलं होतं. आतून धुवायचं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

खरं सांगा, भंगारातला पार्ट आणला की तुम्ही आधी काय करता, आतून धुता की नारळ फोडता?