जिथं अमीन, तिथं गंगाआत्या

गंगाआत्या गेली ही बातमी शहागडच्या बाजारातल्या एका माळणीने आणली. "बसल्या जागी मान टाकली तुमच्या आत्यानं," ती म्हणाली... मला आधी रडू आलं नाही, राग आला. तो माणूस अजून जिवंत होता.

तो म्हणजे निजामाच्या पोलिसांतला अमीन, ठाण्याचा मुख्य. बदनापूरला असताना कापसाच्या चोरीच्या संशयावरून त्याने आत्याच्या एकुलत्या एका मुलाला, नामदेवला, ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी प्रेत परत दिलं. हैजा झाला, पटकीनं गेला, म्हणाला. "हैज्यानं पाठीवर वळ उठत्यात व्हय रे?" आत्याने त्याला भर चावडीत विचारलं. तक्रार वरपर्यंत गेली. त्या राज्यात अशा तक्रारीला एकच उत्तर असे, तबादला. अमीनाला शिक्षा होत नसे, नवं गाव मिळे. आणि त्या गावाला मागचं काही ठाऊक नसे.

आत्याला सहन झालं नाही ते हेच. अमीन परतूरला गेला, तशी तिने मिरच्यांचं पोतं उचललं आणि त्याच्या मागोमाग गेली. ठाण्यासमोर बाजारात बसायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नामदेवची हकीकत सांगायची, अमीनाचं नाव बापासकट घेऊन. एकदा एक जवान काठी आपटत आला. "अम्मा, जल्दी ऊठ. काय करून राह्यली इथं?" "मिरच्या विकून राह्यले, बाबा. तुझ्या सायबाला तिथवर झोंबत असतील तर मंग त्यालाच दूर बसव." बाजार हसला. जवानही हसू दाबत परत गेला. पुढे अमीनाने स्वतःच तबादला मागून घेतला. तो शहागडला पोचला तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती.

मी एकदा म्हणालो, "आत्या, पुरे आता. देव बघून घेईल." देठं खुडत ती म्हणाली, "देवाला काय ठाऊक, ह्यो कोणत्या ठाण्यावर हाय? सांगितल्याबिगर कळायचं न्हाई."

संस्थान गेलं. अमीनाची टोपी बदलली, खुर्ची राहिली. ही हकीकत मी वर्तमानपत्राकडे पाठवली, पण संपादक त्याचं नाव छापायला तयार नाहीत. हरकत नाही, तीन गावांना ते पाठ आहे.

दिवसकार्य उरकून मी शहागडला गेलो. भरल्या बाजारात ठाण्यासमोरची तिची जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंच्या बायकांनी पाट्या आवरून तेवढी सोडली होती. तेवढ्यात अमीन बाहेर पडला. सरळ वाट त्या जागेवरूनच होती... तो थबकला आणि वळसा घालून गेला. मला बरं वाटलं. पुरेसं वाटलं नाही.

त्याची पुन्हा बदली होणार, असं माळणी बोलत होत्या. मी सरकारी शाळेत मास्तर आहे. बदली मलाही मागता येते.